माझा पंचम, मुलांचा सा

बी.एड.च्या सरावात शाळेत घेतलेल्या माझ्या पहिल्या पाठाचा व्हिडिओ सात मिनिटांचा होता. त्यात मी दिसत होतो, माझी पेटी दिसत होती आणि मुलांचा नुसता आवाज येत होता. तो पाहून मला बरं वाटलं. सूर लागला होता, बोटं चुकली नव्हती, शब्द स्पष्ट होते. त्या रात्री मी वहीत लिहिलं, 'आज पाचवीच्या वर्गावर प्रार्थनेचा पाठ घेतला. पाठ छान झाला. विद्यार्थ्यांनी आनंदाने सहभाग घेतला.' शनिवारी कॉलेजच्या मॅडमनी वही परत दिली, तेव्हा समासात पेन्सिलीने दोन प्रश्न लिहिलेले होते : 'कोणत्या विद्यार्थ्यांनी? गाण्याच्या कोणत्या ओळीला?'

मला एकाही प्रश्नाचं उत्तर देता येईना. सात मिनिटं मी त्या अडतीस लेकरांसमोर बसलो होतो आणि त्यातल्या एकाचाही चेहरा मला आठवत नव्हता.

मी गंगाखेड तालुक्यातला. जनाबाईंचा तालुका. आजोबा कार्तिकात काकड्याला पखवाज वाजवायचे. गावच्या सप्ताहात पेटीवर बसायला मिळावं म्हणून मी गाणं शिकायला लागलो. गुरुजींकडे मांडीला मांडी लावून शिकलो. ते एक पलटा म्हणायचे, मी म्हणायचो, चुकला की पुन्हा. असं करत प्रारंभिकपासून विशारदपर्यंतच्या परीक्षा दिल्या. त्या परीक्षांनी मला राग ओळखायला, ताल धरायला, बंदिश लिहायला शिकवलं. पण त्यात समोर एकच शिष्य असतो, आणि तो शिकायला म्हणूनच आलेला असतो. शाळेच्या पाचवीच्या तासाला अडतीस जण असतात. त्यांतले दहा नुकतेच खेळून आलेले, चौघांना भूक लागलेली, आणि गाणं शिकायचं असं कुणी ठरवलेलंच नसतं. विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं आणि गाणं वर्गात आणलं, त्याला सव्वाशे वर्षं होत आली. तरी वर्गासमोर उभं कसं राहायचं हे मला कुणी शिकवलं नव्हतं. बी.एड.ला आलो तो त्यासाठीच.

आमच्या वर्षात संगीत घेऊन आलेले आम्ही नऊ जण होतो. दुसऱ्या वर्षी सोळा आठवड्यांची आंतरवासिता, म्हणजे शाळेत प्रत्यक्ष शिकवायचा सराव, लागली, तेव्हा मॅडमनी आम्हा नऊ जणांना वेगळी शिस्त घालून दिली. आठवड्याला दुसऱ्या कुणाचा संगीत शिकवतानाचा एक व्हिडिओ पाहायचा, आपल्या एका पाठाचं चित्रीकरण करायचं आणि दोन्हींवर मिळून दोन पानं लिहायची. ती पानं आधी जोडीदाराने वाचायची, त्याने प्रश्नच लिहायचे, शाबासकी लिहायची नाही, आणि मग वही मॅडमकडे. माझी जोडीदार केज तालुक्यातली, तबल्याची. मी तिला ताई म्हणायचो, ती मला दादा. तिचं अक्षर बारीक आणि प्रश्न टोकदार.

मुलांचं चित्रीकरण करायचं म्हणून मुख्याध्यापकांची लेखी परवानगी घेतली आणि पालकांच्या सह्या आणल्या. व्हिडिओ आमच्या गटाबाहेर जाणार नाहीत आणि वर्षअखेरीस पुसायचे, असंही त्या कागदावर लिहून दिलं होतं. दोन पालकांनी नाही म्हटलं. त्यांची मुलं कॅमेऱ्याच्या मागच्या बाजूला बसायची आणि तिथून गायची.

पाहायच्या व्हिडिओंचं आधी सांगतो. माझ्या सराव शाळेच्या गावात रेंज पाण्याच्या टाकीपाशीच यायची, म्हणून शनिवारी परभणीला खोलीवर आलो की आठवड्याचं सगळं उतरवून घ्यायचो. मॅडमनी पहिल्यांदा दिले ते परदेशी वर्गांचे. हंगेरीच्या झोल्तान कोदाय यांच्या पद्धतीने शिकवणारी एक शिक्षिका होती. प्रत्येक सुराला हाताची एक खूण. 'डो'ला, म्हणजे त्यांच्या पहिल्या सुराला, कमरेपाशी मूठ, आणि सूर चढेल तसा हात वर. या खुणा मुळात इंग्लंडच्या जॉन कर्वेन यांच्या, एकोणिसाव्या शतकातल्या. मला त्यात सगळ्यात भावलं ते हे, की त्यांचा 'डो' ठरलेल्या पट्टीचा नसतो. जिथे धरला तिथे तो. आपल्या 'सा'सारखाच. त्या पद्धतीत लहान मुलांना आधी दोनच सूर देतात, आपल्या हिशेबाने 'प' आणि त्याखालचा 'ग', कारण मुलं एकमेकांना हाका मारताना, चिडवताना आपसूक त्याच सुरांवर येतात. मी पेटी काढून बसलो. समोरच्या गल्लीतली एक बाई लेकराला जेवायला हाक मारत होती. नावाचं पहिलं अक्षर वर, शेवटचं लांबवून खाली. 'प', 'ग'. तीनदा लावून पाहिलं, तिन्ही वेळा तेच.

पण त्या आठवड्याच्या टिपणात मी ही गोष्ट दोन ओळींत उरकली आणि बाकी दीड पान तक्रार लिहिली. त्यांच्याकडे लाकडी फरशीचा हॉल, बारा मुलं, प्रत्येकाच्या हातात वाद्य. आमच्याकडे पत्र्याचं छत, अडतीस मुलं, शेजारच्या वर्गात पाढे चाललेले. हे आपल्याकडे कसं जमणार? ताईने खाली लिहिलं, 'दादा, हॉल सोडा. त्या बाई सहा मिनिटांत किती वेळ स्वतः गायल्या?'

मी घड्याळ लावून मोजलं. बाई चार वेळा गायल्या, प्रत्येक वेळी एकेक छोटी ओळ. सगळं मिळून पाऊण मिनिटही भरेना. बाकी वेळ त्या हाताने खूण करत होत्या आणि ऐकत होत्या. मग माझा सात मिनिटांचा व्हिडिओ मोजला. त्यात पाच मिनिटं मीच गात होतो. मुलांना एकट्यानं गायला मिळालं ते चाळीस सेकंद. मी शिकवायला गेलो होतो आणि मैफल करून आलो होतो, हे मला त्या आकड्याने सांगितलं. दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर मी ऐकलं नसतं, वाद घातला असता.

त्याच शनिवारी मॅडम म्हणाल्या, "आता फोन फिरवा. फळ्याच्या बाजूला ठेवा, मुलांकडे तोंड करून. तुम्ही चित्रात दिसलात तर पाठ पुन्हा घ्यावा लागेल."

फोन फिरवल्यावर जे दिसलं ते पाहायला मला तीन रात्री लागल्या. एकदा आवाजासह, एकदा आवाज बंद करून, एकदा डोळे मिटून. आवाज बंद करून पाहिलं तेव्हा कळलं की मुखडा, म्हणजे गाण्याची सुरुवातीची ओळ, चालू असतो तोवर मुलांचे खांदे सैल असतात. अंतरा, म्हणजे वर चढणारा पुढचा भाग, आला की सगळे खांदे एकदम वर येतात. भुवया चढतात, माना ताणतात, पहिल्या रांगेतल्या मुलाच्या मानेची शीर दिसते. मागच्या दोन रांगा तोंड हलवायचं थांबवतात. डोळे मिटून ऐकलं तेव्हा अंतऱ्यात गाणं नव्हतंच, ओरडा होता, आणि त्याच्या खाली काही मुलांची घरघर.

मी वहीत लिहिलं, 'काही मुलांना सूर कळत नाही.' आज ते वाक्य वाचवत नाही. ताईने त्याला गोल करून शेजारी लिहिलं, 'दादा, तुमची पट्टी कोणती? आणि त्यांची?'

त्यांची? त्यांची पट्टी वेगळी असेल असा विचारच मी केला नव्हता. शाळेत गुरुजींनी धरली ती पट्टी, परिपाठात शिक्षकांनी धरली ती पट्टी, मीही त्याच वळणाने गेलो होतो. माझा आवाज काळी एकचा, म्हणजे माझा 'सा' पेटीवरच्या पहिल्या काळ्या सुरावर. बऱ्याच पुरुषांचा तिथेच आसपास असतो. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत मी पाच-पाच मुलांना पेटीजवळ बोलावलं. म्हटलं, तुम्हाला सोपं वाटेल तसं गुणगुणा, मी तुमच्या मागे येतो. त्यांनी सूर काढायचा आणि मी पेटीवर तो शोधायचा. सगळ्या मुलांचं करायला चार दिवस लागले. एखाददुसरं मूल सोडलं तर सगळी काळी चार-काळी पाचच्या आसपास येऊन थांबायची. बायकांच्या आवाजाची पट्टी असते तिथेच. शेवटच्या गटातली एक मुलगी, निळ्या रिबिनीची, जाता जाता म्हणाली, "सर, तुमी लई खाली म्हणायलाव, मंग आमाला वर जावं लागायलंय."

मी त्या मुलीचं वाक्य जसंच्या तसं वहीत उतरवलं. चार दिवसांचं मोजमाप तिने एका ओळीत सांगितलं होतं. काळी एकच्या पट्टीत मी गातो तेव्हा मुलांना दोनच वाटा उरतात. माझ्या सप्तकात उतरावं तर त्यांचा आवाज तिथे पोचत नाही, नुसती घरघर होते. वरच्या सप्तकात जावं तर मुखडा निभावतो, पण अंतऱ्यात त्याहून वरचा, तार 'सा' आला की ओरडल्याशिवाय इलाज राहत नाही. लेकरांना सूर कळत होता. मी त्यांना तो गाता येईल अशा जागी ठेवलाच नव्हता. आणि ही गोष्ट माझ्या एकट्याच्या वर्गातली नाही, हे मला त्यानंतर गावोगावचे परिपाठ ऐकताना कळत गेलं. राष्ट्रगीताचे बावन्न सेकंदही मुलं अशीच काढतात, कुणीतरी मोठ्या माणसाने धरलेल्या पट्टीत, माना ताणून.

मग प्रश्न माझ्या गळ्याचा आला. काळी चारच्या पट्टीत मी गायचं कसं? माझ्या खर्जात उतरून गायलो तर मुलांना ऐकूही येईना. त्या रविवारी गावी गेलो होतो, मनात हेच घोळत होतं. मॅडमनी त्या आठवड्यासाठी व्हिडिओऐवजी ऐकायला दिल्या होत्या ओव्या. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी गावोगाव फिरून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, त्यातल्या कितीतरी आता 'पारी' या ग्रामीण भारताच्या संग्रहाच्या संकेतस्थळावर ऐकायला मिळतात. त्यात आपल्या माजलगावच्या बायकांच्याही आहेत. मी ओसरीत बसून फोनवर त्या लावल्या, आणि आतून आजीने पुढची ओळ म्हटली. तिची चाल वेगळी होती, शब्दही थोडे वेगळे होते, पण ओवी तीच.

मी फोन तिच्यासमोर धरला तर ती लाजली. "आरं लेकरा, ते काय गाणं हाय का? ते तं दळताना आपसूक येतंय. कशाला भरून घ्यायलास?" मग मी पिठाचा डबा उलटा करून तिच्यापुढे ठेवला. त्यावर हात गोल फिरवायला लागली तशी ती गायला लागली. 'पहिली माझी ओवी'पासून अकरा ओव्या तिने एका दमात म्हटल्या. भाऊ, गोदावरी, पंढरपूर, सासरचं घर. आमच्या घरातलं जातं मी लहान असतानाच पत्र्याच्या शेडमागे गेलं, त्यामुळे आजी गाते हे मला तोवर माहीतच नव्हतं. विशारद झालेल्या माणसाने हे लिहिताना जड जातं, पण आहे ते असं आहे.

रात्री ते ध्वनिमुद्रण पेटीवर लावलं. आजीचा 'सा' होता काळी चार. सगळी ओवी 'सा'पासून 'प'पर्यंतच्या सुरांत, वर 'ध'ला एकदाच स्पर्श. काळी एकपासून पंचम, म्हणजे 'प', मोजला की बोट बरोबर काळी चारवर पडतं. म्हणजे माझा पंचम तोच आजीचा 'सा' आणि तोच मुलांचा 'सा'. तार सप्तकापर्यंत चढणारं गाणं मी तिथून गाऊ शकत नव्हतो, पण चार-पाच सुरांची ओवी माझ्या पंचमावर 'सा' धरून मला सहज गाता येत होती. मी उठून अंगणात गेलो आणि तीनदा म्हणून पाहिली. आजीने आतून विचारलं, "आता कशाला वरडायलास रे?"

पुढच्या मंगळवारी ती ओवी पाचवीत घेतली. पेटीवर काळी चारचा 'सा' धरून ठेवला, एक ओळ म्हटली आणि थांबलो. थांबणं सगळ्यात अवघड गेलं. पहिल्या खेपेला मी दोन सेकंदही गप्प बसू शकलो नाही, व्हिडिओत माझा आवाज मुलांच्या ओळीत घुसलेला स्पष्ट ऐकू येतो. तिसऱ्या ओवीला जमलं. मुलांनी ओळ उचलली. मागच्या रांगेसकट. खांदे खाली. घरी जाऊन मी तो व्हिडिओ आवाज बंद करून पाहिला, फक्त खांद्यांसाठी. दुसऱ्या दिवशी सात मुलं आपापल्या आज्यांच्या ओव्या घेऊन आली. एकीने वहीच्या मागच्या पानावर लिहून आणली होती, बाकीच्यांच्या तोंडात होत्या.

सगळेच पाठ असे झाले नाहीत. दादऱ्याचा पाठ पूर्ण फसला. सहा मात्रा, टाळी पहिलीवर, 'खाली', म्हणजे टाळी न देता हात मोकळा सोडायची जागा, चौथीवर, एवढंच शिकवायचं होतं. मुलं प्रत्येक मात्रेवर टाळी द्यायला लागली आणि लय पळत सुटली. व्हिडिओवर मोजलं तर सुरुवातीला मिनिटाला चौऱ्याऐंशी मात्रा होत्या, शेवटी एकशे आठ. मुलं घाई करतात असं मी लिहिणार होतो, पण ताईने त्याच व्हिडिओत माझी पेटी ऐकायला सांगितली. प्रत्येक आवर्तनात घाई आधी माझ्या डाव्या हाताने, भात्याने केली होती. मुलं माझ्या मागे धावत होती. त्याच व्हिडिओत तिला अजून एक दिसलं, जे मी चारदा पाहूनही पाहिलं नव्हतं. खिडकीजवळचा एक मुलगा टाळी देतच नव्हता. तो गुडघ्यावर एक बोट मारत होता, पहिल्या आणि चौथ्या मात्रेवर, शेवटपर्यंत न हलता, सगळा वर्ग पळत असताना. त्या मुलाला मी हजेरीत 'अलिप्त' लिहिलं होतं. पुढच्या पाठापासून लय धरायला मी त्याला झांज दिली.

बी.एड.मध्ये सूक्ष्म अध्यापन असतंच. सहा मिनिटं शिकवायचं, सहा मिनिटं अभिप्राय, बारा मिनिटं नवी आखणी, पुन्हा सहा शिकवायचं, पुन्हा सहा अभिप्राय. छत्तीस मिनिटांचं ते चक्र आम्ही पहिल्या वर्षी केलं होतं, पण ते एकमेकांवर, मित्रांना विद्यार्थी करून. मित्र कधी खांदे ताणत नाहीत. अमेरिकी अभ्यासक डोनाल्ड शॉन यांनी १९८३ मध्ये एक भेद मांडला : काम करता करता होणारा विचार वेगळा आणि काम झाल्यावर मागे वळून केलेला विचार वेगळा. मॅडमनी तो पहिल्या वर्षी शिकवला तेव्हा मी परीक्षेपुरता पाठ केला होता. दहाव्या आठवड्यात एकदा ओळ म्हणता म्हणता समोरचे खांदे वर जाताना दिसले आणि मी मधेच पट्टी खाली घेतली. व्हिडिओ पाहायची वाट पाहावी लागली नाही. त्या रात्रीच्या टिपणात मी शॉनचं नाव लिहिलं, तेव्हा ते पहिल्यांदा माझं झालं होतं.

लिहिण्याबद्दल एक सांगायला हवं. वही सजवण्याचा मोह फार होतो. मधे दोन आठवडे मी मॅडमना आवडेल असं लिहीत होतो. चूक दाखवायची, लगेच ती सुधारली म्हणायचं, शेवटी एक गोड वाक्य. ताईने त्या टिपणांवर एकही प्रश्न लिहिला नाही, कोरी वही परत केली. मी विचारलं तर म्हणाली, "दादा, यात विचारण्यासारखं काही नाही. व्हिडिओ पाहून लिहिलेलं नाही हे." खरंच पाहिला नव्हता. तेव्हापासून मी टिपणात वेळ लिहायला लागलो. 'दोन मिनिटं चौदा सेकंद : तिसरी रांग थांबली.' वेळ लिहायची म्हटली की खोटं लिहिता येत नाही.

एका गोष्टीचं अजून वाईट वाटतं. डिसेंबरात स्नेहसंमेलन आलं आणि संगीताचे तास गाणी 'बसवायला' गेले. सांगणारे म्हणाले, ओव्या-बिव्या राहू द्या, पाहुणे येणार आहेत, मुलं नाचली पाहिजेत. स्पीकरवर मोठ्यांच्या आवाजातली गाणी लागली, मुलं त्यावर ओठ हलवत नाचली, टाळ्याही पडल्या. तीन आठवडे मुलांच्या गळ्याला काहीच काम नव्हतं. जानेवारीत ओवी पुन्हा धरली तेव्हा मागची रांग परत गप्प झाली होती, आणि तिला बोलतं करायला मला तेवढेच आठवडे लागले.

आता मी परभणीत एका शाळेत तासिका तत्त्वावर आहे. पाचवी ते आठवी. वही चालू आहे, ताईही दर पंधरा दिवसांनी तिच्या शाळेतून टिपण पाठवते आणि माझं मागते. सहावीपर्यंत काळी चार चालते. सातवी-आठवीत अडलोय. मुलांचे आवाज फुटायला लागलेत. गेल्या वर्षी मोकळा गाणारा एक जण यंदा तोंडच उघडेना. पेटीजवळ बोलावून पाहिलं तर त्याचा आवाज खाली सरकून जवळजवळ माझ्या काळी एकला आलाय, तोही रोज तिथे नसतो. मुलींचा 'सा' मात्र आहे तिथेच आहे. एका वर्गात दोन 'सा' झालेत. सध्या या मुलांना अंतरा देत नाही. मुली ओळ म्हणतात आणि ही पाच-सहा मुलं खाली एकच सूर धरून ठेवतात, तंबोऱ्यासारखा. मुलींच्या 'सा'वर ते टिकतात की त्याच्याही खाली घसरतात, हे गुरुवारच्या व्हिडिओत पाहायचंय. फोन मी खिडकीत ठेवणार आहे, या वेळी मुलांच्या बाजूने.